वीस विमानं, एक वाळवंट आणि रोजची कोंबडी

सगळ्यात आधी तोंड मिटा. तुम्ही उतरताय तिथं हवेपेक्षा धूळ जास्त आहे, आणि तोंड उघडं राहिलं तर पुढचे नऊ दिवस दातांत कचकच लागेल. हं, आता पाय टेका. कॅलिफोर्नियातलं सँटा मोनिका, क्लोव्हर फील्ड नावाचं मैदान, 1929 सालच्या ऑगस्टमधली रविवारची दुपार. समुद्र जवळच आहे, पण वाऱ्याला वास येतोय पेट्रोलचा, तापलेल्या तेलाचा आणि आणखी कसला तरी. ओळखीचा आहे ना? नेलपॉलिशसारखा! विमानाच्या पंखांवर कापड ताणून बसवतात आणि ते घट्ट आवळलं जावं म्हणून त्यावर 'डोप' नावाचा लेप देतात, त्याचा हा वास. म्हणजे ज्या विमानातून पावणेतीन हजार मैल जायचं त्याचे पंख कापडाचे आहेत. परत फिरायचं मनात असेल तर आता उशीर झालाय.

समोर बघा. ओळीनं विमानं उभी आहेत आणि प्रत्येक विमानाशेजारी एकेक बाई. ब्रीचेस, गुडघ्यापर्यंतचे बूट, कपाळावर चढवलेला गॉगल, उन्हानं सोललेलं नाक. इथून क्लीव्हलंडपर्यंत वीस जणींची शर्यत आहे. एकीचं विमान वेळेवर आलं नाही, ती उद्या मागून निघेल. अमेरिकेच्या एका टोकापासून इतक्या लांबवर बायकांनी शर्यत लावण्याची ही पहिलीच वेळ. गर्दी मात्र शर्यत बघायला आलेली नाही, बायका बघायला आली आहे. हॅटा, छत्र्या, खांद्यांवर बसवलेली पोरं, कोपरानं ढकलत पुढं घुसणारे छायाचित्रकार. "बाईसाहेब, जरा हसा!" "लग्न झालंय का?" "नवऱ्याची परवानगी आहे?" इंजिनात किती अश्वशक्ती आहे, हे कुणीच विचारत नाही.

ही शर्यत भरवतानाच निम्मी दमछाक झाली होती. डोंगर ओलांडायला नकोत म्हणून ती ओमाहापासून सुरू करावी, अशी एक सूचना आली. प्रत्येकीबरोबर वाट दाखवायला एक पुरुष द्यावा, अशी दुसरी. अमेलिया इअरहार्ट आणि तिच्या मैत्रिणींनी कळवलं, तसं असेल तर आम्ही येत नाही. मग नियम ठरले: एकटीनं केलेलं किमान 100 तासांचं उड्डाण, त्यातले 25 तास लांब पल्ल्याचे. बरोबर पॅराशूट, एक गॅलन पाणी आणि तीन दिवसांचं खाणं. पुरुषाऐवजी पाणी. सौदा वाईट नाही.

विनोदवीर विल रॉजर्सनंही निघता निघता या शर्यतीला एक नाव दिलंय, 'पावडर पफ डर्बी', आणि ते जन्मभर चिकटणार आहे. वर्तमानपत्रांनी त्यात 'आकाशातल्या प्रियतमा' आणि 'देवदूत' यांची भर घातली आहे. आम्हाला वैमानिक म्हणा की, असं या बायका सांगून थकल्या. तुम्ही तेवढं लक्षात ठेवा.

आता बसायचं कुठं? त्या निळ्या-सोनेरी ट्रॅव्हल एअरकडे चला. तिच्याजवळ उभी आहे ती लुईस थेडन, वय 23. काही वर्षांपूर्वी ती विचिटा गावात कोळसा विकायच्या नोकरीवर होती, पण गिऱ्हाइकं सोडून रोज विमानांच्या कारखान्यात घुटमळायची. शेवटी मालकाला पत्ता लागला. नोकरी जाणारच होती. पण तो मालक त्या विमान कंपनीच्या कारभारातही होता. त्यानं तिला हाकलण्याऐवजी कारखान्याच्या वॉल्टर बीचशी गाठ घालून दिली आणि तिला विमानांच्या विक्रीत काम मिळालं. शिकायलाही तिथूनच मिळालं. पुढं जे सत्कार आणि हारतुरे तुम्ही बघणार आहात, त्या सगळ्यांपेक्षा त्या कोळसेवाल्यानं केलेलं काम मला मोठं वाटतं.

नियमाप्रमाणं वैमानिकेखेरीज विमानात कुणी बसायचं नाही. पण तुमचा जन्म व्हायला अजून बराच अवकाश आहे, आणि जन्मच न झालेल्या माणसाचं वजन धरायला कुठला तराजू लागतो? सरका तिच्या शेजारी. गुडघे पोटाशी घ्या, पायातल्या तारांवर पाय ठेवू नका. समोर ती चार इंची नळी दिसते का? तिला धक्का लावू नका, आपला जीव तिच्यात आहे. कारखान्यातून हे विमान आणताना लुईस जवळजवळ बेशुद्ध झाली होती. इंजिनातला कार्बन मोनॉक्साइड कॉकपिटमध्ये भरत होता. दुरुस्तीला वेळ नव्हता, म्हणून बीचनं बाहेरची हवा आत आणणारी ही नळी बसवून दिली. नऊ दिवस ती नाक या नळीजवळ ठेवून विमान चालवणार आहे. आता दोघांत एकच नळी, तेव्हा जरा समजुतीनं घ्या.

दोन वाजले. दूर क्लीव्हलंडमध्ये कुणीतरी पिस्तूल झाडतं आणि तो बार रेडिओवरून इथं मैदानात ऐकू येतो. निशाण खाली येतं. पहिलं विमान सुटतं, मग मिनिटामिनिटाच्या अंतरानं एकेक. आपली पाळी येते तेव्हा नऊ सिलिंडरचं इंजिन असं काही गर्जतं की आवाज कानांत न शिरता छातीत शिरतो. बसायची फळी थरथरते, दाढा एकमेकींवर आपटतात, मैदानातले खड्डे पाठीच्या मणक्यांनी मोजून होतात. आणि एकाएकी खड्डे संपतात. पोट मात्र अजून खालीच राहिलंय, ते येईल मागून.

वर थंड असेल अशी तुमची समजूत असणार. तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा विमानाला खालून गुद्दे घालते. गॉगलवर तेलाचे शिंतोडे उडतात, लुईस ते बाहीनं पुसते आणि ते आणखी पसरतात. रेडिओ नाही. एक होकायंत्र आहे आणि मांडीवर नकाशा, तोही मोटारींच्या रस्त्यांचा. रेल्वेचे रूळ सापडले की धरून ठेवायचे, गावावर आलं की खाली उतरून स्टेशनावरची पाटी वाचायची. नकाशा घट्ट धरा हं. रूथ एल्डरचा वाऱ्यानं उडाला, मग वाट विचारायला तिला एका कुरणात उतरावं लागलं. विमानाचा रंग लाल, आणि समोर गुरांचा कळप. देवा, या गायी असू देत, बैल नकोत, अशी तिनं प्रार्थना केली म्हणतात. गायीच निघाल्या.

पहिला मुक्काम सॅन बर्नार्डिनो, तासाभराचंही अंतर नाही. पण आधीच्या विमानांनी उडवलेली धूळ इतकी की जमीन कुठं सुरू होते ते उतरल्यावरच कळतं. तोंड मिटा म्हटलं होतं ना? हात-पाय धुऊन जरा पडावं म्हणता तोच निरोप येतो: गावानं मेजवानी ठेवली आहे. महापौरांचं भाषण, व्यापारी मंडळाचं भाषण, मग कोंबडी. उद्याही कोंबडी, परवाही कोंबडी, क्लीव्हलंडपर्यंत जवळजवळ रोज कोंबडी. यजमानांचा उत्साह खरा आहे, त्यात खोट नाही. पण या बायकांना पहाटे चारला उठायचंय आणि त्याआधी आपापलं इंजिन तपासायचंय. प्रत्येकीचं मन टेबलावर कमी आणि मैदानातल्या विमानाजवळ जास्त आहे. रात्री उशिरा त्या एका खोलीत जमतात. पुढच्या टप्प्यातलं कॅलेक्सिकोचं मैदान वेगवान विमानांना फार अपुरं आहे, आम्ही तिथं उतरणार नाही, असा कागद लिहून सह्या करतात. आयोजक कुरकुरतात आणि ऐकतात. सह्या करून सगळ्या झोपायला गेल्या तरी तुमच्या कानात इंजिन चालूच आहे. त्याची सवय करून घ्या.

आणि मग युमा. विदर्भातला मे महिना काढलेल्यांनी फुशारकी मारू नये, इथं सावलीच नाही. धातूला हात लावाल तर फोड येईल. घाम फुटतो आणि वाहायच्या आत सुकतो, अंगावर मिठाची पांढरी रेघ राहते. धावपट्टी कसली, वाळूच. अमेलियाचं लॉकहीड व्हेगा येतं, वाळूच्या ढिगात नाक खुपसतं आणि त्याचा प्रोपेलर वाकतो. शर्यत आहे ना? मग बाकीच्यांनी निघून जायला हवं. पण त्या थांबायचं ठरवतात. नवा प्रोपेलर येऊन बसेपर्यंत पंखांच्या बोटभर सावलीत अंग चोरून त्या बसून राहतात, कोमट पाणी पितात, एकमेकींची चेष्टा करतात. अमेलिया त्यांच्यातली सगळ्यात प्रसिद्ध. ती मागं पडली असती तर कितीतरी जणींचा फायदाच होता. याबद्दल कुणी भाषण करत नाही, तेव्हा तुम्हीही करू नका. पाणी पुढं द्या.

युमाहून फिनिक्सला सगळ्या पोहोचतात, मार्व्हल क्रॉसन पोहोचत नाही. तीन महिन्यांपूर्वी स्त्रियांच्या उंचीचा विक्रम मोडणारी, अलास्काच्या बर्फात विमान चालवलेली मार्व्हल. रात्रीच्या मेजवानीत एक खुर्ची रिकामी आहे आणि दार उघडलं की सगळ्या मान वळवून बघतात. दुसऱ्या दिवशी गिला नदीच्या खोऱ्यात तिचं विमान सापडतं. ती जवळच पडलेली, पॅराशूट न उघडलेलं.

आता वर्तमानपत्रांचा सूर बदलतो. शर्यत थांबवा! अर्ल हॅलिबर्टन नावाचे तेलाचे बडे उद्योगपती जाहीर करतात की बायकांना विमान चालवता येत नाही, हे आता सिद्ध झालं. पुरुष वैमानिक तर दर महिन्याला पडत होते, तेव्हा काय सिद्ध होत होतं कोण जाणे. शिवाय घातपाताची कुजबुज आहेच. जर्मनीहून आलेल्या थेआ राशेला सावध राहण्याची तार येते आणि तिच्या पेट्रोलात घाण सापडते. क्लेअर फाहीच्या पंखांच्या तारा तुटतात, त्या आम्लानं खाल्ल्या आहेत असं तिचं म्हणणं, आणि ती शर्यत सोडते. चौकशीत सिद्ध काहीच होत नाही. बाकीच्या एकत्र बसतात, रडतात आणि ठरवतात की पुढं जायचं. आत्ता थांबलो तर मार्व्हलचं मरण त्या हॅलिबर्टनच्या पदरात पडेल, हे प्रत्येकीला कळतंय. पहाटे तुम्ही लुईसच्या शेजारी बसता तेव्हा ती काही बोलत नाही. इंधनाची टाकी स्वतः उघडून, आत डोकावून बघते. कालपर्यंत हे काम मेकॅनिक करायचा.

टेक्सासमधल्या पेकॉसला गावातल्या मोटारी धावपट्टीच्या कडेला, खरं तर धावपट्टीवरच, लावून ठेवल्या आहेत. पँचो बार्न्सचं विमान त्यातल्या एकीला धडकतं. पँचोला फारसं लागत नाही, तिच्या शिव्या मात्र बराच वेळ ऐकू येतात. अशात ब्लँच नॉइस येते, चेहरा काजळीनं माखलेला, हात भाजलेले. हवेतच तिच्या सामानाच्या कप्प्यात आग लागली. काटेरी झुडपांत विमान उतरवून तिनं ओंजळी भरभरून वाळू टाकली, आग विझवली आणि त्याच विमानातून, मोडक्या चाकांनिशी, पुन्हा उडाली. जळक्या लाकडाचा आणि कापडाचा वास तिच्याबरोबर येतो. वार्ताहर विचारतात, घाबरला होतात का? ती पाणी मागते.

पुढं गर्दी वाढतच जाते. फोर्ट वर्थ, टल्सा, लुईसचं विचिटा. लोक दोर तोडून विमानांपर्यंत येतात, पंखांवर नावं लिहितात, पेन्सिलीनं आणि छत्रीच्या टोकानं भोकं पाडतात. खरंच कापड आहे का ते बघायचं असतं! आता या गर्दीत जरा खाली वाका, कोपरांच्या उंचीवर. तिथं मुली आहेत. बापाचा हात सोडून पुढं सरकलेल्या, फ्रॉकला ग्रीस लावून घेतलेल्या. मोठी माणसं वैमानिकांचे चेहरे बघताहेत, या मुली चाकं, तारा, शेपटी बघताहेत. उंचीनं जेमतेम पाच फूट असलेली व्हेरा डॉन वॉकर विमानातून उतरते आणि पाठीमागच्या उशा काढून काखेत मारते. उशांशिवाय तिला पुढचं दिसत नाही आणि पाय पुरत नाहीत. एवढीशी बाई विमान चालवते, हे त्या मुलींना दिसतं. त्यांना कुणी समजावून सांगत नाही.

क्लीव्हलंड. नवव्या दिवसाची दुपार, हजारोंचा गलका, आणि निळं-सोनेरी विमान सगळ्यांत आधी रेषा ओलांडतं. जिंकलात! उतरता उतरता लोक चाक फिरतं आहे की थांबलंय हेही न बघता धावत येतात. लुईसच्या गळ्यात गुलाबांची भलीमोठी नालेच्या आकाराची माळ पडते. छायाचित्रकार ओरडतात, ती हसते, आणि मानेला काटे टोचतात. कुणीच काटे काढलेले नाहीत. थोड्या वेळानं ती माळ विमानाच्या गळ्यात जाते. अमेलिया तिसरी येते. निघालेल्यांतल्या बहुतेक जणी पोहोचतात, बॉबी ट्राउटसुद्धा. तिचं विमान युमाच्या अलीकडे शेतात आपटलं होतं. दुरुस्त व्हायला तीन दिवस गेले, शर्यत हातची गेली होती, तरी ती वाट पुरी करून आलीच.

फुलं सुकली, महापौर घरी गेले. नऊ दिवसांत या बायकांना मिळालेल्या प्रोत्साहनाचा हिशोब मांडला तर भाषणं, कोंबडी, चषक आणि गुलाबाचे काटे. नोकरी जवळपास कुणाच्याच हाती नाही. विमान कंपन्या बायकांना घेतात त्या मुख्यतः गिऱ्हाइकाला दाखवायला. बघा, बाईसुद्धा चालवते, मग तुम्हाला का जमू नये?

म्हणून आणखी एकदा हात धरा. थोडंसंच पुढं, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या व्हॅली स्ट्रीमचं कर्टिस फील्ड. स्वेटर आहे ना? हँगर गारठलेलं आहे, पत्र्यातून वारा शिरतोय. देशात परवाना असलेल्या 117 जणी आहेत, त्या सगळ्यांना पत्र गेलं होतं. सही करणाऱ्या चौघींत फे गिलिस आहे, दोनच महिन्यांपूर्वी विमान हवेत मोडल्यावर पॅराशूटनं उतरलेली. आणि आहे शर्यतीतली नीव्हा पॅरिस. आज इथं 26 जणी आल्या आहेत. बाजूला मेकॅनिक लोकांनी एक इंजिन चालू ठेवलंय, सभेसाठी बंद करायचं त्यांच्या डोक्यातही येत नाही. त्यामुळं ठराव ओरडून मांडायचे आणि अनुमोदनही ओरडूनच द्यायचं. चहा येतो तो अवजारांच्या ढकलगाडीवरून, पान्यांच्या शेजारी कप मांडून. ग्रीसच्या वासाचा चहा तुम्ही पूर्वी प्यायला नसाल. बिस्कीट बुडवा, चालतं.

संघटना कशासाठी? मैत्रीसाठी, नोकऱ्यांसाठी, आणि महिला वैमानिकांची सगळी नोंद जिथं राहील अशा एका कचेरीसाठी. सभासद कोण? परवाना असलेली कुठलीही बाई. इथवर पटापट होतं. नावावर मात्र गाडी अडते. 'गोंगाट्या पक्षिणी' सुचवून होतं, 'घरी परतणारी कबुतरं' होतं, 'चढत्या वेली' होतं. तुमच्याकडे काही सुचवणी असेल तर गप्प बसा, आधीच पुरे आहे. पुढं अमेलिया आणि जीन हॉइट तोडगा काढतील की पहिल्या सभासदांचा जो आकडा होईल तेच नाव. काही काळ ते शहाऐंशी असेल, मग सत्त्याण्णव, शेवटी नव्याण्णव. 'नाइंटी-नाइन्स' आजही आहे.

भविष्यातलं बोलायचं नाही, असं आपलं ठरलं होतं. पण हातात कप आणि भोवती एवढ्या बायका, म्हटल्यावर तुम्हाला राहवत नाही. शेजारी एक बाई आहे, नखांत तेल, कानामागं पेन्सिल. तुम्ही तिच्या कानाशी ओरडता: "मुंबईला जुहूला गेल्याच वर्षी फ्लाइंग क्लब निघालाय!"

"काय?"

"जुहू! आणि अजून सात वर्षांनी लाहोरला सरला ठकराल नावाची मुलगी साडी नेसून एकटी विमान उडवेल!"

"साडी म्हणजे काय?"

इंजिनाच्या आवाजात नऊ वार आणि पाच वार समजावणं कठीण आहे, ते सोडा. तुम्ही एकदम 1985 वर येता. कलकत्त्याहून सिल्चरला निघालेलं फॉकर फ्रेंडशिप, प्रवाशांनी भरलेलं, कॉकपिटमध्ये दोन्ही बायका, कमांडर सौदामिनी देशमुख. आमच्याकडच्या, असं तुम्ही छाती पुढं काढून सांगता. आणि आमच्या काळात तर भारतातल्या वैमानिकांमध्ये शंभरात सुमारे पंधरा बायका आहेत, जगाच्या सरासरीच्या कितीतरी वर!

इंजिन क्षणभर खोकतं, तेवढ्यात तिला आकडा नीट ऐकू जातो. ती कानामागची पेन्सिल काढते, ढकलगाडीच्या कडेवर पंधरा लिहिते, खाली पन्नास लिहिते, वजाबाकी करते.

"पस्तीस कमी आहेत," ती ओरडते, आणि तुमचा कप पुन्हा भरते.